"बेटांना निसर्गावर सोडा" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल थोडं

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. माणूस हटला की बेटावरचं अभयारण्य आपोआप सावरतं, नकाशा लागलाच तर गूगलचा सॅटेलाइट फोटो फुकट आहे, आणि जीपीएस-जीआयएसवर (जीआयएस म्हणजे जागांच्या नोंदी नकाशावर मांडणारी संगणक प्रणाली) उधळायचे पैसे झाडं लावायला वापरा, असं त्यात म्हटलंय. शेअर करणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण मुद्दे चुकलेत आणि त्याची किंमत पक्षी मोजतात, म्हणून एकेक बघू.

"आपोआप सावरतं." नाही सावरत. माणूस निघून जातो पण त्याच्या जहाजांतून आलेले, पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाणारे उंदीर आणि झाडपाला फस्त करणाऱ्या बकऱ्या, ससे तिथेच राहतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर २००० पर्यंत मांजरं संपवली, पुढे सशांची संख्या भरमसाट वाढली, त्यांनी उतारावरचं गवत खाऊन टाकलं आणि २००६ मध्ये पेंग्विनच्या वसाहतीवर दरड कोसळली. शेवटी माणसालाच परत जाऊन ससे, उंदीर काढावे लागले, २०१४ मध्ये बेट मोकळं झाल्याचं जाहीर झालं.

"गूगलचा फोटो पुरे." याच मुद्द्यावर जास्त लिहायचंय. पेट्रेलसारखे समुद्रपक्षी जमिनीखाली बिळात घरटं करतात, ते वरून दिसणार कसं? त्यासाठी माणसाने चालत जाऊन बिळांच्या जागा जीपीएसवर नोंदवायला लागतात. दुसरं म्हणजे उतार. फोटोत सगळं सपाट दिसतं, पण ६० अंशांच्या कड्यावर नकाशातलं १ हेक्टर म्हणजे प्रत्यक्षात २ हेक्टर जमीन, तेव्हा उंदीर मारायचं विषारी आमिष सपाट हिशोबाने टाकलं तर निम्मंच पडेल आणि उंदीर वाचतील, आणि पोटुशी एक उंदरीण वाचली तरी सगळी मेहनत पाण्यात.

दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरचं उंदीर काढायचं काम बघा, १,००० चौरस किमीपेक्षा मोठा भाग, २०११ ते २०१५ मध्ये तीन टप्प्यांत केला. उंदीर हिमनद्या ओलांडत नाहीत म्हणून हिमनद्यांच्या आधाराने बेटाचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा साफ केला, घाई अशासाठी की हिमनद्या मागे हटतायत आणि त्या हटल्या की उंदरांना वाट मोकळी. पायलट जीपीएसवरची रेघ धरून हेलिकॉप्टर उडवतो, खाली टांगलेल्या बादलीतून आमिष पडतं, उतरल्यावर त्याचा मार्ग नकाशावर चढवतात आणि दोन पट्ट्यांमध्ये कोरी जागा राहिलेली दिसली की तिथे परत उडतात. मला विचाराल तर नकाशाचं सगळ्यात मोठं काम हेच, आपण कुठे पोचलोच नाही ते तो दाखवतो. आणि काम झालं म्हणून लगेच विजय जाहीर केला नाही, पुन्हा कुत्रे घेऊन बेट तपासलं, मग २०१८ मध्ये उंदीरमुक्त म्हटलं.

"त्या पैशात झाडं लावा." जरूर लावा, पण बकऱ्या असताना लावली तर तो बकऱ्यांचा चारा. पॅसिफिकमधल्या गालापागोस द्वीपसमूहात सांतियागो बेट आणि इसाबेला बेटाचा उत्तर भाग मिळून १,४०,००० पेक्षा जास्त बकऱ्या काढल्या. शेवटच्या लपलेल्या बकऱ्या शोधायला काही बकऱ्यांना रेडिओ कॉलर घालून सोडलं, बकरी एकटी राहत नाही, ती कळप शोधतेच आणि तिच्यामागून शिकारी पोचायचे. कोणी कुठला भाग धुंडाळला हे जीपीएसवर नोंदलेलं नसतं तर उरलेल्या बकऱ्या नेमक्या कुठे शोधायच्या?

राहिला प्रश्न दक्षिण पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटाचा, काही जण म्हणतील, "तिथे जीपीएस असूनही उंदीर काढायची मोहीम फसली ना." हो, २०११ ची मोहीम फसली, थोडे उंदीर वाचले आणि पुन्हा वाढले. पण हेलिकॉप्टरच्या मार्गांची नोंद होती म्हणूनच नंतर तपासता आलं की आमिष टाकताना कुठे भाग सुटला होता का. तसं काही सापडलं नाही, म्हणून मग काही उंदरांनी आमिष खाल्लंच का नाही, त्यांना बेटावर दुसरं खाणं मिळत होतं का, याकडे अभ्यासकांना वळता आलं. ती नोंद नसती तर पुढची मोहीम आखणाऱ्यांना पायलटला दोष द्यायचा की आमिषाला, हेही कळलं नसतं.