आधी डोक्यावरचा स्लॅब बघा

सोलापुरात पारा ४३-४४ अंशांवर गेला की दरवर्षी तोच वाद पेटतो, आणि मी तो जर्मनीत डार्मस्टाटला बसून फोनवर, घरच्या ग्रुपवर ऐकत असतो. एक बाजू म्हणते, वाडे आणि माळदाची घरं पाडली म्हणून ही वेळ आली, पुन्हा मातीकडे वळा. दुसरी म्हणते, छतावर सोलर टाका, एसी बसवा, विषय संपला. मधेच एखाद्या नव्या टॉवरची 'ग्रीन सर्टिफाइड' जाहिरात येते आणि चित्रात पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून भलीमोठी काच उभी असते. बहुतेक सोलापूरकर ज्या उघड्या आरसीसी स्लॅबखाली झोपतात, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

माळदाची बाजू मला मनापासून पटते, पण अर्धीच. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. असलं छत दिवसाचं ऊन खाली उतरू देत नाही, हे त्या घरात दुपार काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि हेच जड माळद माणसांवर कोसळलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. उमरगा, लोहारा म्हणजे आपल्याला लागूनच. त्यानंतर या भागातल्या माणसाने पै-पै साठवून सिमेंटचा स्लॅब टाकला तो जीव वाचवायला. त्याला परंपरा विसरल्याचा दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. स्लॅब राहणारच आहे. तो तापू कसा द्यायचा नाही, एवढाच प्रश्न उरतो.

मी राहतो त्या शहरात क्रानिखश्टाइन नावाचा भाग आहे. तिथे एका ओळीत चार घरं आहेत, १९९१ पासून माणसं त्यात राहतात. वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बो अ‍ॅडमसन यांनी मांडलेल्या कल्पनेतून झालेलं हे जगातलं पहिलं 'पॅसिव्ह हाउस'. त्यातून आलेल्या मानकाची अट अशी की घर गरम ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा लागता कामा नये. जगभरचे वास्तुविशारद ती घरं बघायला येतात. मला मात्र इथली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. साधा जुना फ्लॅट भाड्याने द्यायचा तरी मालकाला घराचा ऊर्जा दाखला दाखवावा लागतो. 'ए प्लस'पासून 'एच'पर्यंत श्रेणी, हिरव्याकडून लालकडे जाणारी पट्टी, आणि चौरस मीटरमागे किती युनिटं याचा आकडा. जुन्या इमारतीचा दाखला पुष्कळदा मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वापरावरून काढलेला असतो. म्हणजे घर काय खातं ते भाडेकरूला सही करण्याआधी कळतं. आपल्याकडे बिल्डरला 'ग्रीन' मानांकनाच्या बदल्यात जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळते, आणि घर घेणाऱ्याला मे महिन्यातलं बिल आल्यावर सगळं समजतं.

इथेही सगळं गोडीगुलाबीने झालेलं नाही. नवी हीटिंग यंत्रणा किमान ६५ टक्के अक्षय ऊर्जेवर चालावी, अशी अट घालणारा कायदा २०२३ मध्ये आला तेव्हा सत्ताधारी आघाडीतच जुंपली होती. घराला उष्णतारोधक आवरण चढवलं की मालक त्या खर्चाचे ८ टक्के दरवर्षीच्या भाड्यात वाढवू शकतो, त्यामुळे 'हरित' शब्द ऐकला की कित्येक भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो. खर्च कुणाच्या माथी पडणार हे आधी ठरवलं नाही तर चांगल्या नियमाचीही लोक धास्ती घेतात.

शिवाय इथली घरं ऊब कोंडून ठेवायला बांधलेली. ती जशीच्या तशी जुळे सोलापुरात उचलून आणायची नाहीत. घेण्यासारखं काही असेल तर ते खिडकीबाहेरचं पट्ट्यांचं शटर. आतून पट्टा ओढला की ते काचेच्या बाहेरून खाली उतरतं आणि ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. आपण पडदा आत लावतो, म्हणजे उष्णता घरात शिरल्यावर. आपल्या जुन्या घरांना खोल छज्जे होते, वाळ्याचे पडदे बाहेरच्या बाजूला टांगायचे. आता भिंतीच्या कडेला चिकटलेली स्लाइडिंग खिडकी बसवतात, तिला छज्जा नाही आणि ती उघडते तीही निम्मीच.

हे सगळं कुणासाठी बोलायचं, तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांसाठी. तिथे घर हाच कारखाना आहे. बिडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसते. पंखा जोरात लावला तर तंबाखू उडतो, भिजवलेलं पान वाळतं, म्हणून ऐन दुपारी पंखा मंद किंवा बंद. डोक्यावर तापलेला स्लॅब. बिडी हजारावर मोजून मजुरी, त्यामुळे उन्हाने हात मंदावला की तेवढा पैसा कमी. तिला एसी परवडत नाही, आणि कूलरला लागणारं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं. आमच्या नात्यातल्या एक काकू म्हणाल्या ते मला कुठल्याही अहवालाहून जास्त लागलं: "दिवसभर ऊन वर असतंय, रात्री सगळं खाली उतरतंय बघ."

केंद्राची घरांसाठीची ऊर्जा संहिता, 'इको-निवास संहिता', २०१८ मध्ये आली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने १.२ ठेवली (आत-बाहेरच्या तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे, चौरस मीटरला इतके वॅट). जर्मनीत जुनं उतरतं छप्पर नव्याने करायचं तर हाच आकडा ०.२४ आहे. आपला नुसता स्लॅब संहितेच्या मर्यादेच्याही जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. आणि २०१८ची ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी. सोलापूरच्या किती घरांचा प्लॉट एवढा असतो?

शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये 'कूल रूफ', म्हणजे ऊन परतवणाऱ्या छताचं, धोरण आणलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते सक्तीचं आहे, घरांपैकी ६०० चौरस यार्डांवरच्या भूखंडांना सक्तीचं, लहान घरांना ऐच्छिक. तिथेही लहान घर सुटलंच, पण निदान सुरुवात छतापासून केली. निम्म्या पूर्व भागाचे पाहुणे तेलंगणात आहेत, त्यामुळे हे धोरण आपल्याला परकं नाही.

उपायही परके नाहीत. चुन्याचा दाट हात स्वस्त, पण आपल्याकडच्या धुळीने तो लवकर मळतो आणि दरवर्षी द्यावा लागतो. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, करून त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवल्या तर खर्च जास्त, पण टिकतं आणि गळतीही थांबते. सोलर पॅनेलला माझा विरोध नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि पॅनेलची सावलीही स्लॅबवर पडते. मात्र तापलेल्या खोलीत एसी चालवण्यासाठीच ती वीज जाणार असेल तर आधी छत पांढरं करा, मग पॅनेल लावा.

कुंभारीजवळ असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३० हजार घरं उभी राहत आली. त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. एवढ्या आकाराच्या प्रकल्पाच्या निविदेत छताचं एक कलम टाकलं तर हजारो खोल्या एकदम निवतात. यापुढच्या प्रत्येक सरकारी घरकुलाच्या अंदाजपत्रकात परावर्तक छताचा खर्च धरला पाहिजे, लाभार्थ्याच्या हिश्शातून नव्हे. महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र देताना प्लॉट कितीही लहान असो, स्लॅबवर काय टाकलंय ते बघावं. आणि उभ्या असलेल्या घरांसाठी घरपट्टीत सूट द्यावी, पूर्व भागापासून सुरुवात करून, पुढच्या मार्चच्या आत.