दोन चौकटींचा फॉर्म

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २००७ साली एक फॉर्म वापरात होता. कोर्टाच्या क्लर्कने भरायचा आणि स्टेट पोलिसांकडे पाठवायचा. त्यावर चौकटी दोनच. एक, या माणसाला सक्तीने मनोरुग्णालयात दाखल केलंय. दुसरी, हा माणूस स्वतःचे व्यवहार सांभाळायला असमर्थ ठरलाय. यात बसलात तर तुमचं नाव पोलिसांकडे, आणि पुढे बंदूक विक्रीच्या बॅकग्राउंड चेकच्या, म्हणजे विकण्याआधी गिऱ्हाईकाचं नाव तपासतात त्या यादीत.

डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या एका स्पेशल जस्टिससमोर, म्हणजे अशा केसेस ऐकणाऱ्या न्यायाधीशासमोर, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा एक विद्यार्थी उभा होता. निकाल असा की मानसिक आजारामुळे याचा स्वतःच्याच जिवाला धोका आहे, पण ॲडमिट करायला नको, बाहेरून उपचार घ्यावेत. केंद्राच्या कायद्याने एवढा निकाल त्याला बंदूक नाकारायला पुरेसा होता. पण आता हे कुठल्या चौकटीत भरणार? कुणी काही लपवलं नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत. कागद पुढे गेला नाही, इतकंच.

फेब्रुवारी २००७ मध्ये त्याने एक पिस्तूल घेतलं, मार्चमध्ये दुसरं. अगदी रीतसर. तेव्हा व्हर्जिनियात महिन्याला एकच हँडगन घेता यायची, तर हा पठ्ठ्या महिनाभर थांबलासुद्धा! दोन्ही वेळा चेक झाला, दोन्ही वेळा नाव कोरं निघालं. १६ एप्रिलला त्याने ३२ माणसं मारली. त्यात मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी होती, आणि तामिळनाडूतून येऊन तिथे जलविज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक होते. मारणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, शोधलंत तर सापडेल.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण म्हणजे आमचा मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप. इथे अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की तासाभरात कुणीतरी लिहितंच, "अहो, या वेड्यांना बंदूक मिळतेच कशी?" मग दोन्ही पक्षांच्या समर्थकांची जुंपते आणि कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकेपर्यंत थांबत नाही. मला दर वेळी वाटतं, अरे बाबांनो, कशी मिळते ते मी बघितलंय. निदान एक खिडकी तरी बघितली आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका राज्यातल्या कोर्टांच्या सॉफ्टवेअरवर कंत्राटी काम केलं. राज्याचं नाव राहू दे. जुन्या कमिटमेंट ऑर्डर, म्हणजे कोर्टाने सक्तीने दाखल करायचे दिलेले हुकूम, सिस्टममध्ये चढवून पुढे पाठवायचे होते. पहिल्या दिवशी मला तळघरात नेलं. पुठ्ठ्याची खोकी, त्यावर मार्करने वर्षं लिहिलेली, आणि आपल्या तहसील कचेरीत येतो अगदी तोच वास. मी हसलेच. म्हटलं, दप्तर जगभर एकच!

ऑर्डर हातानं लिहिलेल्या. आडनाव आधी की नाव आधी, ज्याची त्याची मर्जी. जन्मतारीख बऱ्याच ठिकाणी गायब, कारण जजला निकाल द्यायला ती लागत नाही, माणूस समोर असतो ना. पण यादीत मात्र ती लागतेच, नाहीतर जॉन स्मिथ नावाच्या कुणालाही पकडाल. आणि माझा स्वतःचा घोळ ऐका: ०४/०७ दिसलं की माझं देशी डोकं चार जुलै वाचायचं, इथे ती सात एप्रिल. पहिल्या आठवड्यात मी अकरा नोंदी उलट्या टाकल्या. शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर क्लर्कबाईंनी पकडल्या म्हणून बरं. त्या अकरा जणांपैकी कुणी दुकानात गेलं असतं तर चेक पास झाला असता, आणि चूक एका मराठी बाईची.

आता कायद्याचं. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने कोर्टाने धोकादायक ठरवलेल्या किंवा सक्तीने दाखल केलेल्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे. (त्यातला 'मेंटल डिफेक्टिव्ह' हा शब्द अजून तसाच आहे. लाज वाटावी असा.) १९९८ पासून एफबीआय दुकानदाराला यादी बघून सांगते. पण ती यादी भरायची कुणी? राज्यांनी. आणि १९९७ मध्येच सुप्रीम कोर्ट म्हणून बसलंय की केंद्र राज्याच्या अधिकाऱ्यांना अशी कामं फर्मावू शकत नाही. म्हणजे यादी केंद्राची, नावं राज्यांच्या मर्जीची. घोडं इथे पेंड खातंय. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने हत्याकांडानंतर चौदा दिवसांत आदेश काढून त्या दोन चौकटींमधलं भोक बुजवलं. जानेवारी २००८ मध्ये केंद्राने कायदा केला, पण तोही राज्यांना अनुदानाचं गाजर दाखवणारा. आज व्हर्जिनियात ऑर्डर हाती आल्यावर क्लर्कने लगेच पुढच्या कामाच्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या आत ती पुढे पाठवायची असते. हे चांगलं झालं, त्यासाठी ३२ माणसं जायला हवी होती का?

आणि हा रोग फक्त मानसिक आजाराच्या केसेसचा नाही. २०१७ मध्ये टेक्ससमधल्या सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ जण गेले. मारणारा पूर्वी एअर फोर्समध्ये होता, तिथेच घरात मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेला. एअर फोर्सने ती शिक्षा एफबीआयला कळवलीच नव्हती. पुढे जजने साठ टक्के जबाबदारी सरकारवर टाकली.

पण मंडळातल्या त्या 'वेड्यां'बद्दल माझं वेगळं भांडण आहे. मला नैराश्य आहे, गोळ्या चालू आहेत, हे ग्रुपवरच्या चार जणांना माहीत आहे. माझं नाव त्या यादीत नाही आणि जाऊही नये. यादीत जातो तो कोर्टाचा किंवा तशा अधिकृत यंत्रणेचा निकाल. डॉक्टरांची चिठ्ठी, थेरपिस्टच्या वह्या जात नाहीत. हा फरक पुसला गेला तर लोक डॉक्टरकडे जायचेच बंद होतील, आपल्या लोकांत तर आधीच किती जातात!

शिवाय यादीतून बाहेर यायची वाट हवी. मिशिगनमधल्या एका गृहस्थांना बायको सोडून गेल्यावर महिनाभराच्या आत सुटका होईल इतकंच दाखल केलं होतं. पंचवीस वर्षांनी बंदूक घ्यायला गेले तर नकार. आणि मिशिगनमध्ये नाव काढून घ्यायची सोयच नव्हती. २०१६ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे म्हटलं. मला बंदुका आवडत नाहीत, पण इथे मी त्यांच्या बाजूने.

आणखी एक, जे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. डिसेंबर २००५ च्या त्या निकालातही 'स्वतःच्या जिवाला' असंच होतं ना. त्या खोक्यांतल्या बहुतेक ऑर्डर तशाच होत्या. कुणी पुलावर सापडलेला, कुणी गोळ्यांची बाटली संपवलेली. ती नोंद शेजाऱ्यांना वाचवायला नव्हती, त्या माणसालाच एखाद्या वाईट रात्री वाचवायला होती.

क्लर्कबाईंच्या टेबलावर एक वेगळा ट्रे होता, जन्मतारीख नसलेल्या ऑर्डरींचा. दर शुक्रवारी दुपारी जेवण झालं की त्या चष्मा पुसायच्या, फोन पुढे ओढायच्या आणि एकेका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाला विचारायच्या. पलीकडे संगीत वाजत राहायचं. मी काम सोडलं तेव्हा त्या ट्रेमध्ये अजून बोटभर कागद होते.