रविवारच्या साडेपाच तासांच्या फेरीबद्दल

सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारी सकाळी 7.56 ला आपल्या चौघांच्या गटाने आमच्या गोल्फ कोर्सवर खेळ सुरू केला, 18 होल पूर्ण व्हायला साडेपाच तास लागले, चौथ्या होलच्या टीवर (पहिला फटका मारण्याच्या जागी) वीस मिनिटांहून अधिक काळ ताटकळत उभे राहावे लागले आणि वर खेळाचा वेग सांभाळणाऱ्या आमच्या मार्शलने आपल्यालाच ‘जरा लवकर आवरा’ असे सुनावले, ही आपली तक्रार मी गट सोडणाऱ्या स्टार्टरच्या वहीशी ताडून पाहिली. ती पूर्णपणे खरी आहे. चूक आमची आहे, आणि ती मैदानावर होण्याआधी कार्यालयात, टी-टाइम (खेळ सुरू करण्याच्या वेळा) वाटतानाच झाली होती.

रविवारी मागणी जास्त म्हणून आम्ही दर 8 मिनिटांनी चौघांचा एक गट सोडत होतो. चौथा होल लांब पार-3 आहे, म्हणजे तो तीन फटक्यांत संपणे अपेक्षित असते आणि पहिलाच फटका ग्रीनकडे (खळग्याभोवतीच्या बारीक गवताकडे) मारतात. चौघांनी टी-ऑफ करून (पहिला फटका मारून), ग्रीनपर्यंत चालत जाऊन, पट (ग्रीनवरचे हलके फटके) संपवून बाजूला होईपर्यंत तिथे साधारण 11 मिनिटे जातात. पार-4 किंवा पार-5 वर पुढचा गट टप्प्याबाहेर गेला की मागच्यांना मारता येते, पार-3 वर मात्र ग्रीन रिकामे होईपर्यंत थांबावेच लागते. त्यामुळे प्रत्येक गटामागे 3 मिनिटांची भर पडत गेली आणि 7 वाजल्यापासून आठव्या क्रमांकाने सुटलेल्या आपल्या वाट्याला 21 मिनिटे आली. टीवर उभ्या असलेल्यांना कितीही घाई केली असती, तरी ही रांग हलली नसती. घाई करण्याची सूचना मार्शलला मीच दिली होती, म्हणून त्याच्या शब्दांबद्दल मीच आपली क्षमा मागतो.

येत्या रविवारपासून दोन गटांत 10 मिनिटांचे अंतर राहील. सकाळी 7 ते 9 या वेळेत 15 ऐवजी 12 गट सुटतील, म्हणजे 12 खेळाडूंची फी कमी येईल, पण ती मुळात आम्ही घ्यायलाच नको होती. चौथ्या होलवर ग्रीनवर पोहोचलेला गट चेंडू मार्क करून (जागी खूण ठेवून तो उचलून) बाजूला उभा राहील आणि मागच्या गटाला टी-ऑफ करण्याची खूण करेल. मागचे चालत येईपर्यंत पुढच्यांचे पट होतात. त्यासाठी तिथे एक कॅडी (खेळाडूंचे सामान वाहणारा मदतनीस) कायम उभा केला आहे.

नवशिक्यांना रविवारी सोडू नये, ही आपली सूचना मात्र मला मान्य करता येत नाही. आपल्या पुढच्या नवशिक्यांच्या गटाबरोबर असलेल्या कॅडीकडे मी चौकशी केली. बाराव्या होलवर एकाचा चेंडू रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) गेला आणि चौघेही स्वतःचे फटके सोडून गवतात शोधत राहिले. शोधण्यासाठीची मुदत 2019 च्या नियमांत पाचवरून तीन मिनिटांवर आणली आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. चेंडू हरवण्याची शंका येताच टीवरूनच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा चेंडू) मारावा, हेही नाही. पावसानंतर घोट्याच्या वर गेलेले ते गवत आम्ही कापायला हवे होते, तेही राहिले. ते आता कापले आहे. उलट, कमी हँडिकॅपचे, म्हणजे मुरलेले खेळाडू चार फुटांच्या पटला दोन्ही बाजूंनी वाकून पाहतात, तेव्हा फटक्यासाठी नियमांनी सुचवलेले 40 सेकंद केव्हाच उलटून जातात, आणि त्यांना मात्र कोणी हटकत नाही. शिकणाऱ्याला आठवड्यातून एकच सुट्टी मिळत असेल, तर त्याने यावे कधी? स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळात) सुरक्षित असेल तर ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावे, हे स्टार्टर आता पहिल्या टीवर प्रत्येक गटाला, जुन्या सभासदांनाही, सांगेल.

आपल्या चौघांची ग्रीन फी पूर्ण परत केली जात आहे. कॅडींचे पैसे त्यांना मिळालेलेच आहेत, त्यातून काही कापलेले नाही.

आपला,
कोर्सचा मालक