‘सहाशे वर्षांत एक वीटही हलली नाही’ हे खरं नाही

एका ओळीत दगडी घरं, उतरती छपरं, समोर ओढ्याएवढी नदी आणि हिरवळ. हा फोटो तुमच्याही एखाद्या ग्रुपवर आला असेल. सोबतच्या मजकुराचा सारांश असा: इंग्लंडमधलं हे खेडं सहाशे वर्षं जसंच्या तसं आहे, एक वीटही हललेली नाही, परक्याचा हात लागलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबं तिथे राहतात, चर्च, शेतं, लाल टेलिफोन बूथ सगळं जागच्या जागी आहे, हे सारं लोकांनी कायद्याच्या धाकाने नव्हे, संस्कारांनी जपलं, आणि आपण मात्र आपल्या गावांचा उकिरडा केला. त्या शेवटच्या वाक्यापायीच लोक तो पुढे पाठवतात. त्यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे. आणि त्यात आपल्या गावकऱ्यांवर जेवढा अन्याय होतो, तेवढाच इंग्लंडच्या गावकऱ्यांवरही होतो.

आधी फोटोबद्दल. तो बहुतेक वेळा ग्लॉस्टरशरमधल्या बायबरी गावच्या अर्लिंग्टन रो या ओळीचा असतो. ही इमारत साधारण १३८० सालची मानली जाते, पण ती घरं म्हणून बांधलेलीच नव्हती. ते ख्रिस्ती मठाचं लोकर साठवायचं कोठार होतं. सतराव्या शतकात त्याचे भाग पाडून तिथे विणकरांना राहायला घरं केली गेली. विणलेलं कापड जवळच्या अर्लिंग्टन मिलमध्ये जायचं, तिथे पाण्यावरच्या यंत्राने कुटून घट्ट व्हायचं आणि मग घरांसमोरच्या ओलसर कुरणात लाकडी चौकटींवर ताणून वाळत घातलं जायचं. त्या कुरणाला आजही रॅक आयल म्हणतात. फोटोत ज्या हिरवळीवर आपली नजर ठरते ती गावच्या धंद्याची कामाची जागा होती. पुढे कापडाचा व्यवसाय यंत्रांबरोबर दुसरीकडे गेला आणि कॉट्सवोल्ड या आसपासच्या डोंगराळ भागातली अशी कितीतरी गावं ओस नाही पण गरीब झाली. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनं राहिलं. इथे हौसेपेक्षा दारिद्र्याने जास्त जपणूक केली. ही ओळ १९४९ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे.

‘तीच कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या’ हे विधान मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण इंग्लंडच्या खेड्यांचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणात माणसांना उठवून लावण्याचा इतिहास आहे. यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी घ्या. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं तिथे दर उन्हाळ्यात उत्खनन झालं. आज तिथे छप्पर नसलेलं चर्च आणि गवताखाली घरांच्या पायांचे उंचवटे, एवढंच दिसतं. गाव प्लेगने संपलं असं सांगितलं जायचं. पण चौदाव्या शतकातल्या त्या महामारीतूनही गाव तगलं होतं. जमीनदाराला धान्यापेक्षा लोकरीत जास्त पैसा दिसला आणि १५०० च्या सुमारास त्याने उरलीसुरली कुटुंबं काढून तिथे मेंढ्या सोडल्या. मध्ययुगात वसलेली आणि नंतर उठलेली अशी सुमारे तीन हजार गावं इंग्लंडमध्ये मोजली गेली आहेत.

मग आली गायरानांची आणि सामाईक शेतांची वाटणी. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने असे ५,२०० च्या वर कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन खासगी मालकांच्या कुंपणात गेली. ज्याची एक गाय गावच्या कुरणात चरायची, सरपणासाठी जो तिथल्या काटक्या गोळा करायचा, त्याच्या हातात कागद नव्हता. त्याचा हक्क गेला आणि तो मजुरीला लागला. फॉरवर्डमधली ‘सनातन’ चौकोनी हिरवी शेतं आणि त्यांच्या कडेची झुडपांची कुंपणं यांतला मोठा भाग या वाटणीतून आलेला आहे. त्याआधीची उघडी, पट्ट्यापट्ट्यांची शेती बघायची तर नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला जावं लागतं. ती तिथे अजून चालते.

मिल्टन अ‍ॅबसची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. डॉर्सेटमधलं हे गाव म्हणजे उताराच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी, पांढरी, गवताच्या छपरांची घरं. बघणाऱ्याला वाटावं, ही कायमचीच इथे असणार. पण ते आखीव गाव आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, यांना आपल्या वाड्याशेजारचं मिडलटन हे बाजाराचं गाव डोळ्यांत खुपू लागलं. त्यांनी ते घराघराने पाडत नेलं आणि काही लोकांना नजरेआडच्या दरीत नव्या घरांत हलवलं. या कामात कॅपेबिलिटी ब्राउन यांच्यासारखे नामवंत उद्यानरचनाकार होते. जुन्या गावाच्या जागी आज हिरवळ आणि तळं आहे. मठाचं चर्च तेवढं राहिलं, कारण ते वाड्याला शोभून दिसत होतं.

विसाव्या शतकातही हे थांबलं नाही. १९४३ च्या डिसेंबरमध्ये सैन्याच्या सरावासाठी विल्टशरमधलं इंबर आणि डॉर्सेटमधलं टाइनम ही गावं रिकामी करून घेतली. टाइनमच्या लोकांनी जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली: घरं सांभाळून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ. त्यांना परत येऊ दिलं नाही. दोन्ही जागा अजून सैन्याकडे आहेत. डर्बीशरमधली डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही गावं लेडीबाउर धरणात गेली. स्मशानातली प्रेतं उकरून दुसऱ्या गावी पुरावी लागली. पाण्याबाहेर राहिलेला चर्चचा मनोरा १९४७ च्या डिसेंबरमध्ये सुरुंगाने पाडला. पाणी गेलं शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टरला. मुळशी आणि कोयनेच्या लोकांना यात नवं काही सांगावं लागणार नाही.

चर्च आणि टेलिफोन बूथचं थोडक्यात. मध्ययुगात गावचर्चच्या आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या असत. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत त्यांच्यावर चुना फिरवला गेला. एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धाराच्या नावाखाली इतकी तोडफोड झाली की लेखक आणि कलावंत विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये तिच्याविरुद्ध संस्था काढली. खेड्यांत दिसणारा लाल बूथ बहुधा १९३५ साली आखलेल्या नमुन्याचा असतो. निसर्गरम्य भागांत तो लाल रंग नकोसा वाटून काही बूथ करड्या रंगात रंगवले गेले. आज त्यांतल्या कित्येकांत फोन नाही, पुस्तकं किंवा बंद पडू लागलेलं हृदय विजेच्या झटक्याने पुन्हा चालू करणारं यंत्र आहे.

‘परक्याचा हात लागला नाही’ म्हणणाऱ्यांनी ऑक्सफर्डशरच्या स्टोक रो गावी जावं. चुनखडीच्या डोंगरावरचं हे गाव, तिथे पाणी टिकत नसे. एडवर्ड रीड हे हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर असलेले अधिकारी त्याच भागातले. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून मार खाणाऱ्या पोराची हकिकत त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती, असं म्हणतात. महाराजांनी पैसे दिले, मजुरांनी हाताने ३६८ फूट खोल विहीर खणली, १८६४ मध्ये ती खुली झाली. वर घुमट आहे आणि घुमटाखाली रहाटावर सोनेरी हत्ती. त्या गावची खूण कोणती विचाराल तर हीच विहीर.

आता ‘कायद्याशिवाय, संस्कारांनी’. रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत म्हणून विल्टशरमधल्या लॅकॉकचं कौतुक होतं. ते गाव टॅल्बट घराण्याच्या मालकीचं होतं; मटिल्डा टॅल्बट यांनी १९४४ मध्ये मठ आणि जवळपास सगळं गाव नॅशनल ट्रस्टला दिलं. तिथले बहुतेक रहिवासी भाडेकरू आहेत, नियम मालकाचे आहेत. बाकी ठिकाणी १९४७ पासून नगर आणि ग्राम नियोजनाचा कायदा आहे, १९६७ पासून संरक्षित परिसर जाहीर करण्याची तरतूद आहे. वारसा यादीतल्या घरात परवानगीशिवाय महत्त्वाचा बदल केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. संस्कार असतील, मी नाकारत नाही. पण त्यांच्या पाठीशी दंड आणि न्यायालय उभं आहे. आणि या जपणुकीची किंमतही मोजावी लागते. सुंदर गावांतली घरं सुट्टीपुरती येणारे लोक घेतात, शेतमजुराच्या मुलाला तिथे भाडंही परवडत नाही. एप्रिल २०२५ पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट स्थानिक कर लावायची मुभा नगरपालिकांना दिली आहे, ती यासाठीच.

राहिला आपला उकिरडा. कोकणात कौलं काढून स्लॅब टाकणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पावसाआधी दरवर्षी कौलं उतरवून, वासे बघून, फुटकी बदलून पुन्हा चढवायची तर माणूस लागतो, आणि तो माणूस मुंबईला गेलेला असतो. घराबद्दल त्याला कुणी अनुदान देत नाही, कुठली संस्था दुरुस्तीचा अर्धा खर्च उचलत नाही. शिवाय ज्या मंगलोरी कौलांना आपण परंपरा म्हणतो, त्यांचा कारखाना बासल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५ साली काढला. त्याआधी गवत होतं, नळ्याची कौलं होती. आपली गावंही सतत बदलत आली आहेत. त्या बदलात काय टिकवायचं हे ठरवायचं असेल तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, कारागीर कुठून येणार आणि घरमालकाचं मत कोण विचारणार, हे प्रश्न ग्रामसभेत मांडावे लागतील. तो फोटो यातल्या एकाचंही उत्तर देत नाही.