सागवानी कपाटाच्या वासाबद्दल आपण लिहिलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

उन्हाळ्यात आमच्याकडून पॉलिश करून नेलेलं आजोबांचं कपाट सप्टेंबरच्या पावसात पुन्हा कुबट आणि डांबरगोळ्यांचा वास मारू लागलं, आम्ही 'वरून चकाकी मारून वास लपवला' आणि गच्चीवर उन्हात ठेवल्यावर दार लागेनासं झालं, असं आपण लिहिलंय. तिन्ही गोष्टींचं उत्तर देतो.

काम फक्त बाहेरच्या बाजूचं होतं, बिलावर तसं लिहिलेलं आहे. बाहेरून पॉलिशचे कितीही हात (थर) मारले तरी हा वास दबत नाही, कारण तो आतल्या कोऱ्या लाकडात, खणांच्या तळाला आणि पाठीच्या फळीत मुरलेला असतो. मे महिन्यात सोलापूरची हवा कोरडी, म्हणून जाणवला नाही. हवेत दमटपणा आला की लाकूड ओल शोषतं आणि मुरलेला वास बाहेर सोडतं.

आधी वास नेमका कुठला ते शोधा. प्रत्येक खण वेगळ्या प्लास्टिक पिशवीत रात्रभर बांधून ठेवा आणि सकाळी एकेक उघडून हुंगा. बहुतेक वेळा एखाददुसराच खण दोषी निघतो. पाठीचं प्लाय काळं पडून फुगलं असेल तर त्यावर मेहनत करू नका, बदलूनच टाका.

कुबट वास बुरशीचा असतो. तोंडाला मास्क लावून, घराबाहेर ब्रशने ती झाडा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन, घट्ट पिळलेल्या फडक्याने फक्त आतून पुसा. बाहेरच्या लाख पॉलिशला पाणी लागलं की पांढरे डाग पडतात. नंतर साध्या ओल्या फडक्याने पुसून दारं उघडी टाका आणि सावलीत पंख्याखाली तीन-चार दिवस वाळवा. खाण्याचा सोडा वाटीत ठेवला तर हरकत नाही, पण कालवून सागवानावर चोळू नका, लाकूड काळपट पडतं. अगरबत्ती, कापूर, अत्तर यांनी वासावर वास चढतो, एवढंच.

डांबरगोळीचं गणित वेगळं आहे. तिथे व्हिनेगर काही करत नाही, फक्त ऊब आणि वारा लागतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात खण काढून हवेशीर खोलीत ठेवा, वास हळूहळू उडतो. नव्या गोळ्या मात्र टाकू नका.

एवढं करूनही वास राहिला तरच तो लाकडातच बंद करायला आतून लाख मारायची. १५० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, धूळ पुसा. एक लिटर स्पिरीटमध्ये साधारण १२० ग्रॅम लाखदाणा रात्रभर भिजवून गाळून घ्या. पातळ दोन-तीन हात द्या, दोन हातांत तासाभराचं अंतर ठेवा, आणि खणांचा तळ व पाठ विसरू नका. स्पिरीट पेट घेतं, म्हणून जवळ गॅस, विडी, दिवा नको. लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय लाख लावली तर ओल आतच कोंडते. वर्षभर पडून असलेलं तयार द्रावण चिकटच राहतं. जवसाचं तेल तर आतून अजिबात नको, बंद कपाटात त्याचाच वास महिनोन्महिने टिकतो.

आता दार. बाहेरून पॉलिश, आतून कोरं, अशी फळी कडक उन्हात ठेवली की कोरी बाजू आधी सुकते, आकसते आणि फळी तिकडे वाकते. वजन ठेवून दाबू नका, रंधा तर मुळीच मारू नका. काही आठवडे घरातच सावलीत राहू द्या, बरंचसं परत येतं. आज रंधा मारलात तर उन्हाळ्यात फट दिसेल.

कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा. माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात किंवा मागे मोरी असेल तर जास्तच. आणि सोलापुरी चादर जाड असते. वरून कोरडी लागली तरी घडीत दमट राहते, म्हणून ऊन दाखवून, गार झाल्यावरच आत ठेवा.

आतून लाख मारायचं काम आम्ही करतो, त्याचे पैसे वेगळे पडतील. अख्खं कपाट आणू नका, आधी फक्त खण घेऊन या. वास कसला आहे ते पाहून सांगतो, त्याचे पैसे नाहीत. दारासाठी पाऊस पूर्ण थांबल्यावर माणूस पाठवतो.