पट्टा पाण्यात नेलात म्हणे!

"तुम्ही पाण्यात नेलात, त्याला आम्ही काय करणार?"

बंदुकीचा तुटलेला पट्टा घेऊन गेलो तेव्हा दुकानदाराच्या ज्या तोंडातून हे वाक्य आलं ते तोंड मला भात दुधात, म्हणजे दाणा भरत असताना, एका रात्री आमच्या कुणग्यांच्या, म्हणजे भाताच्या वाफ्यांच्या, मेरेवर उभं करायचं आहे. वरून कोसळतोय, खाली घोट्याएवढा चिखल, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, खांद्यावर बंदूक. मग विचारतो त्याला, पाण्यात नेऊ नको तर कुठे नेऊ? हॉलमध्ये?

बंदुकीचा पट्टा तुटला. नवा कोरा. शहरातल्या बंदुकांच्या दुकानातून सव्वा हजार मोजून आणलेला. पहिल्या मोठ्या पावसात गेला.

मी मागितलं काय होतं? दोन टोकांचा साधा पट्टा. एक टोक मागच्या दस्त्याच्या कडीला, दुसरं नळीखालच्या कडीला. कड्यांपाशी सव्वा इंच, खांद्यावर जरा रुंद, भिजला तरी न सरकणारा, आणि एका हाताने आखूड-लांब करता येणारा. एवढंच. दुकानदाराने कपाटातून काढलं काळं नायलॉनचं प्रकरण. मध्ये रबर, जागोजागी प्लास्टिकची बक्कलं, वर कोणतीतरी लष्करी नक्षी. "हा कमांडोवाला आहे. एका टोकाचा दोन टोकांचा होतो, दोनाचा एकाचा होतो." मी परत परत सांगितलं की मला एक-दोन काही करायचं नाही, बारा बोअरची एकनळी बंदूक आहे, शेताच्या राखणीला नेतो. तर म्हणे, "दुसरा येतच नाही हल्ली, सगळे हाच नेतात." सगळे म्हणजे कोण? डुक्कर हाकलायला जाणारा एक तरी माणूस दाखव मला यातला.

व्हाळ, म्हणजे ओढा, उतरताना बक्कलाचा दात मोडला. मोडण्याआधीही सुख नव्हतंच. ते रबर असं की पाऊल टाकलं की बंदूक खाली जाते, पुढचं टाकलं की वर येते, आणि दस्ता दर पावलाला मांडीवर आपटतो. तीन किलोच्या आसपासचं वजन आहे ते, छत्री नव्हे. बक्कल गेलं आणि बंदूक नळीवर जाऊन चिखलात रुतली. काडतूस काढल्याशिवाय व्हाळ उतरायचा नाही, दगडी कुंपणाचा गडगा ओलांडायचा नाही, हा आमच्या घरात वडिलांपासूनचा नियम आहे, म्हणून आज हे लिहायला मी जागेवर आहे. नळीत चिखल बसला आणि कुणी अंधारात तसाच बार काढला तर नळी फाटते. डोळे जातात, बोटं जातात. सव्वा हजाराच्या पट्ट्यातलं चार आण्यांचं प्लास्टिक वाचवायला हे.

मग शेतातल्या मांगरात, म्हणजे खोपटात, बसून बॅटरीच्या उजेडात गज आणि फडकं घेऊन नळी साफ करत बसलो. तोवर डुकरांनी खालचे कुणगे लोळवले. सुवर्णा जातीचं होतं, गरवं म्हणजे उशिरा पिकणारं भात, दाणा भरत आलेला. खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त.

म्हणून दुकानात गेलो, तुटलेलं बक्कल हातात घेऊन. तर हे, "पाण्यात नेलात." अहो, कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला तर सात हजारांच्या घरात जातो. इथे जून ते सप्टेंबर आमचं शेत पाण्यात, घर पाण्यात, उशी ओली, काडेपेटी ओली. पाणी चालत नाही तर कोकणातल्या गिऱ्हाइकाला विकता कशाला? विकताना तोंडात मूग होते का?

आणि तेवढ्यावर थांबला नाही. बंदुकीचं वर्णन ऐकून हसला. "साधी एकनळी ना तुमची? तिला कशाला एवढा पट्टा हवा? दोरी बांधा की." साधी! या साध्या एकनळीसाठी पोलीस पडताळणी, सातबारा, फोटो, चलन, परत पडताळणी, जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे, हे सगळं मी केलंय. तिच्या जिवावर वर्षाचं भात घरात येतं. परदेशी रायफल घेऊन येणाऱ्याला खुर्ची आणि चहा, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना दाखवला की "दोरी बांधा". पैसे परत मागितले तर म्हणे, वापरलेला माल परत घेत नाही. वापरायला मिळाला कुठे?

वर काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "मग तो घ्या, ऑलिम्पिकवाला, मजबूत आहे." अरे बाबा, तो नेमबाजीचा पट्टा. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं तेव्हा आमच्या वाडीतही पेढे वाटले. राधानगरीकडचा पोरगा, अभिमान आहेच. पण तो पट्टा दंडाला आवळून, झोपून किंवा गुडघ्यावर बसून नेम स्थिर ठेवायला असतो. उभ्याने मारताना तर नियमानेच लावता येत नाही. खांद्यावर बंदूक वाहायला तो नाहीच! बंदुकांचं दुकान चालवणाऱ्याला एवढं माहीत नसावं?

आता कुणी म्हणेल, जुना पट्टा काय झाला? तेच तर. वडिलांच्या वेळचा चामड्याचा पट्टा होता. दर पावसाळ्याआधी एरंडेल चोळायचं, पावसात चुलीच्या उबेत पण धुरापासून लांब टांगायचा, बुरशी दिसली की त्याच दिवशी पुसायची. एवढं केलं की चामडं टिकतं, नाहीतर कोकणात ते एका पावसाळ्यात हिरवं होतं. तो पट्टा मारला निवडणुकांनी. २०२४ ला १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, बंदुका जमा करा. मतदान ७ मेला, आचारसंहिता जूनपर्यंत. काजूची बोंडं, आंबा, सगळं माकडांच्या हवाली. बंदूक मिळते न मिळते तोवर भात कापायला आलं आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली. परत जमा. पोलीस ठाण्याच्या खोलीत भिंतीला टेकवून सगळ्या बंदुका एकत्र, खाली ओल. सोडवून आणली तेव्हा पट्ट्यावर पांढरी-हिरवी लव आणि वाकवला तिथे चीर. तक्रार केली तर उत्तर मिळालं, पावतीवर बंदूक लिहिली आहे, पट्टा लिहिलेला नाही. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कुणावर हात उगारला नाही त्याची बंदूक ऐन हंगामात नेता, न्या, पण सुक्या जागी ठेवायला काय होतं?

मुंबईचा चुलतभाऊ गणपतीला आला की त्याचं एकच, "ऑनलाइन मागव ना." मागवला होता. आला तो माझ्या कड्यांत बसतच नाही. मापं लिहायची पद्धतच नाही त्यांच्यात, फक्त "युनिव्हर्सल". युनिव्हर्सल म्हणजे कुठेच न बसणारा. आणि कुरिअरवाला वाडीत येत नाही, तिठ्यावर या म्हणतो. दाखवतात ते व्हिडिओ तर बघवत नाहीत. सुकं गवत, सपाट रान, हातात मोजे, अंगावर इस्त्रीचे कपडे. त्यातल्या एकाला तरी साकवावरून, आमच्या ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून, नेऊन दाखवा.

शेजारच्या तात्यांचं वेगळंच. "पट्टो कित्याक व्हयो तुका? सुंब बांध आणि चल." तात्या, तुम्ही ठासणीची बंदूक वापरलीत, सुंभ बांधून वापरलीत, आणि तुमच्या उजव्या खांद्यावरचा वळ आजही दिसतो. सुंभ भिजला की फुगतो, आणि रात्रभर खांदा कापतो. अर्धा इंच रुंदीवर तीन किलो लटकलं की हाताला मुंग्या येणारच. यात मर्दानगी कसली?

माणसं समजत नाहीत की पट्टा शोभेचा नाही. पट्टा म्हणजे माझे दोन हात मोकळे. चढणीला काठी धरायची असते, बॅटरी मारायची असते, गडगा चढताना दगडाला पकडायचं असतं. पाऊस असला की नळी खाली करून घ्यावी लागते, पाणी आत जाऊ नये म्हणून. पण उतार चिखलाचा असला की नळी खाली चालत नाही, टेकते, मग वर करावी लागते. झाडीतून जाताना पाठीवर आडवी, घट्ट. डुकराची चाहूल लागली की आवाज न करता पुढे यायला हवी. हे सगळं त्याच एका पट्ट्यात, रात्री, भिजल्या बोटांनी. वेल्क्रो लावलेला पट्टा मला दाखवूच नका, तो चर्रकन उघडला की डोंगरापलीकडचं जनावरही सावध होतं. चकचकीत साखळीवाला नको, खुळखुळतो. नुसतं नायलॉन भिजलं की प्लास्टिकच्या कपड्यावरून सरकत कोपरापर्यंत येतं, आणि माणूस रात्रभर खांदा उडवत चालतो.

आणि याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी शोधून झालंय, याचाच जास्त राग येतो. थ्री-नॉट-थ्रीचा, म्हणजे फौजेच्या जुन्या रायफलीचा, पट्टा आठवा. जाड विणीचा सुती, सव्वा इंच, टोकांना पितळ. बस्स. आमच्याकडे घराआड एक फौजी, कुणाच्याही पेटीत तो सापडेल. सुती म्हणून खांद्यावर धरून राहतो, पितळ म्हणून खाऱ्या हवेत गंजत नाही. पाणी पितो, जड होतो, सुकायला वेळ लागतो, हे खरं. पण मोडत नाही, आणि माझी बंदूक व्हाळात टाकत नाही. असली साधी वस्तू आज कुणी करत नाही, कारण त्यात कमांडो लिहिता येत नाही.

शेवटी बाजारात खुर्च्या आणि गाडीच्या सीट शिवणाऱ्या माणसाकडे गेलो. पलंगाची जाड सुती नवार, खांद्याच्या जागी दुहेरी करून आतून खरबरीत कापडाचा तुकडा, शिवण चौकोनात फुलीची. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, बंदूक "साधी" म्हटली नाही, नवारीला लोंबकळून ताण बघितला आणि शिवायला घेतला. काम झकास झालंय. अडलंय ते पितळी सरकत्या बक्कलावर. लोखंडी मिळतं, ते दिवाळीपर्यंत गंजून नवार खाईल. सव्वा इंची, ओतीव पितळेचं, मधल्या दांड्याचं बक्कल कुणाकडे असेल तर सांगा, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही येऊन घेऊन जातो. पितळेचा मुलामा दिलेलं असेल तर मात्र बोलावू नका.