पिंपातला रविवार

रविवारी सकाळी साडेसात वाजता मी पिंपात असतो. कमरेपर्यंत. डोकं खाली.

आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, म्हणून न्हाणीघराच्या कोपऱ्यात 200 लिटरचं निळं पिंप ठाण मांडून बसलंय. भंगारवाल्याकडून आणलेलं. त्याचं पूर्वायुष्य विचारलं तर तो नुसता हसला. पहिले आठ दिवस तांब्याभर पाणी घेतलं तरी फेस यायचा, त्यावरून ते साबणवाल्याच्या पदरी असावं असा आम्ही निष्कर्ष काढला. साबणाचा खर्च तेवढा वाचला.

डेंग्यूचा डास मोठा टापटिपीचा. गटार त्याला चालत नाही, घरात साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंडी घालतो (म्हणजे घालते) ती पाण्याच्या कडेला, पिंपाच्या भिंतीला चिकटवून. ती कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतून खसखसून घासावं लागतं. आरोग्य खातं याला 'कोरडा दिवस' म्हणतं. त्या दिवशी मी सोडून सगळं कोरडं असतं.

खरी परीक्षा तळाच्या चार बोटं पाण्याची. पिंप तीन फूट उंच, माझा हात दोन फूट. चार बोटं म्हणजे पंधरा-वीस लिटर तरी भरतं, आणि पिंप कलतं करावं तर एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कमोड. मग स्टुलावर चढून आत ओणवं व्हायचं आणि मगाने पाणी उपसायचं. शेवटी मगात पाणी कमी आणि खरखर जास्त येते.

परवा या अवस्थेत असताना लेकीने विचारलं, "बाबा, बॅरल म्हणजे काय? अर्थ लिहून वाक्यात उपयोग करायचाय."

"मी ज्यात आहे ते!" मी ओरडलो. पिंपात आवाज असा घुमतो की साधं वाक्यसुद्धा आकाशवाणी वाटते. मलाच चेव चढला.

"पिंप लिही! तोही शब्द आपला नव्हे, पोर्तुगीजांच्या 'पिपा'वरून आलाय. बटाटा आणि पगार ज्या गलबतातून उतरले, त्यातूनच!"

"पगार पण?"

"हो. म्हणूनच पुरत नाही. पुढे लिही, बंदुकीची नळी. दोन असल्या की दुनळी. घोड्याच्या धडालाही बॅरलच म्हणतात."

"घोड्याच्याच ना?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. पिंपाची कड त्या वेळी माझ्या पोटात रुतली होती, म्हणून गप्प बसलो.

तेलाचं बॅरल मात्र मी रंगवून सांगितलं. पेपरात रोज 'प्रति पिंप अमुक डॉलर' छापून येतं, पण ते तेल पिंपात नसतंच. जहाजातून नाहीतर नळातून येतं. पिंप उरलंय ते हिशेबापुरतं. 1866 साली पेनसिल्व्हेनियातल्या तेलवाल्यांनी ठरवलं, पिंप 42 गॅलनचं, म्हणजे आपले सुमारे 159 लिटर. चाळीस मोजायचे आणि दोन वरकड, गळतीबिळतीसाठी. आमचा दूधवाला हे वाचेल तर त्याला घेरी येईल. 20 एप्रिल 2020 ला तर अमेरिकेत तेलाचा भाव उणे 37.63 डॉलरवर उतरला होता. साठवायला जागाच उरली नव्हती, तेव्हा तेलही न्या आणि वर पैसेही न्या. त्या दिवशी जगाला रिकाम्या पिंपाची किंमत कळली. आमच्या भंगारवाल्याला ती आधीपासूनच ठाऊक असावी. साडेसहाशेखाली यायला तयार नव्हता.

"आणि इंग्लंडात बिअरचं बॅरल 36 गॅलनचं! ते गॅलनही वेगळे!" हे मी का सांगितलं, देव जाणे. उलटं लटकलं की रक्त डोक्यात उतरतं.

वही काल तपासून आली. अर्थ तिने एकच लिहिला होता: 'बिअर ठेवण्याचे मोठे पिंप.' वाक्यात उपयोग: 'माझे बाबा दर रविवारी सकाळपासून बॅरलमध्ये असतात.'

खाली लाल शाईत बाईंचा शेरा: 'पालकांनी भेटावे.'

रविवारी आमच्याकडे उलट कोरडा दिवस असतो, हे बाईंना समजावायला कोणी जायचं, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.